नारळ घेतलेली कुस्ती

हणमंताच्या पायाला मापाची वाहाण मिळेना, तेव्हा शेलवाडीनं पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

दुष्काळ सरून दोन सुग्या झाल्या होत्या. खडी फोडून हातांना पडलेले घट्टे अजून गेले नव्हते, पण माणसं आपापल्या रानात परतली होती. मायाप्पा धाकट्या लेकाला, हणमंताला घेऊन कुर्डुवाडीच्या बाजारात गेला. दुकानातल्या सगळ्यात मोठ्या जोडातनंही हणमंताची टाच बाहेर आली. मागल्या जत्रेला शिवून घेतलेला जोड तर केव्हाच आखूड पडला होता. चांभार पायाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "पैलवान, पाय हाय का परात?"

मायाप्पाची छाती फुगली. त्यानं ती गोष्ट पारावर सांगितली, पिठाच्या गिरणीत सांगितली, मारुतीच्या देवळात सांगितली. ऐकणारा प्रत्येकजण मान हलवून म्हणाला, "मारुतीची किरपा हाय, मायाप्पा." लग्नाच्या वयाला आलेल्या गड्याचा पाय वाढायचा थांबलेला असतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण पैलवानाच्या बाबतीत ते कुणाला आठवलं नाही. आठवलं असतं तरी बोललं कोण असतं? मिरवण्यासारखं दुसरं काही गावाजवळ नव्हतंच.

हणमंताचा थोरला भाऊ जालिंदर मिरवणाऱ्यातला नव्हता, राबणाऱ्यातला होता. मायाप्पा स्वतः तरणेपणी कुस्ती खेळायचा. टेंभुर्णीच्या मैदानात त्याचा खांदा उतरला तो उतरलाच. तेव्हापासून त्यानं मनाशी धरलं होतं की एक तरी लेक मातीला द्यायचा. जालिंदर हडकुळा, तो औतामागं गेला. हणमंत अंगापिंडानं भरलेला, तो तालमीत गेला. घराची वाटणी झाली ती अशी, आणि ती कुणी कागदावर केली नसली तरी सरकारी वाटणीपेक्षा पक्की होती.

दावणीला एक म्हैस होती. तिचं दूध पैलवानाचं. दुष्काळात गाव सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन जगत होतं तेव्हाही तिला वैरण कमी पडली नाही, कारण जालिंदर कोसाकोसावरनं डोक्यावर भारे आणायचा. धार त्याची बायको मनकर्णा काढायची आणि भरलेली चरवी तशीच तालमीची वाट धरायची. मनकर्णेची पोरगी नागू काळ्या चहात भाकरी कुस्करून वाढत होती. "माझ्या लेकीला इचारा दूध कसं लागतंय," मनकर्णा म्हणायची, "ती सांगंल, पांढरं लागतंय."

जालिंदरची धाकट्यावर माया नव्हती असं नाही. आई गेली तेव्हा हणमंताला कडेवर घेऊन हिंडवलं ते त्यानंच. पण माया आणि चरफड दोन्ही एकाच घरात नांदतात, आणि त्यांचं भांडणही होत नाही. हणमंत मैदान मारून आला की जालिंदर गुलाल लावून घ्यायचा आणि त्याच हातानं संध्याकाळी शेण भरायचा.

त्या दोन वर्षांत हणमंताचं अंग नुसतं वाढत गेलं. हाताची बोटं केळ्यासारखी झाली. चांदीचं कडं मनगटात रुतलं, ते कापून काढावं लागलं. हनुवटी पुढं आली, दातांत फटी पडल्या, आवाज घोगरा झाला. थंडीतही त्याच्या अंगाला घाम यायचा आणि त्याला वास मारायचा. तालमीचा वस्ताद धुळाप्पा म्हणायचा, "माती अंगी लागली." पण पूर्वी जो गडी शेदोनशे जोर सहज मारायचा, तो आता लवकर धापा टाकत बसायचा. वस्तादानं खुराक वाढवला. बदाम आले, तूप आलं, आणि मायाप्पानं जालिंदरला बजावलं की चरवीत पाणी पडलं तर याद राख.

माघात ज्वारी काढायला आली. माणसं मिळेनात, म्हणून हणमंतालाही रानात बोलावलं. त्यानं ताटं उपटायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं डोकं धरून सरीत बसला. मग त्याला गाडी हाकायला दिली. कडब्यानं भरलेली गाडी घेऊन तो घराकडं आला आणि सताड उघड्या दारातनं आत घेताना चाक थेट डाव्या खांबावर घातलं. खांब पडला, गाडीचा कणा मोडला, बैलाच्या मानेला जू कचकन बसलं.

"डोळं काय तालमीत ठिवून आलास काय रं?" जालिंदर ओरडला.

हणमंत खांबाकडं असा बघत राहिला, की तो तिथं आहे हे त्याला आत्ताच कुणी सांगितलं असावं.

चार दिवसांनी नागू अंगणात बसून चिंचोके खेळत होती. हणमंत घरातनं बाहेर आला आणि सरळ तिच्या हातावर पाय देऊन पुढं गेला. पोर किंचाळली तेव्हा तो दचकून इकडं तिकडं बघायला लागला. नागू त्याच्या बाजूलाच होती, पण तिला शोधायला त्याला अख्खं धड वळवावं लागलं. मनकर्णेनं तोंडाचा पट्टा सोडला. जालिंदर मात्र बघत होता. त्या दिवसापासून तो जेवताना भावाकडं नीट बघायला लागला. ताटाच्या कडेला ठेवलेली भाकरी हणमंताला दिसत नव्हती. चाचपून घ्यायचा.

विहिरीवर दोघंच असताना जालिंदरनं विचारलं. हणमंत आधी नाही नाही म्हणाला. मग दगडावर बसला आणि ते एवढं मोठं अंग गदगदायला लागलं.

"म्होरचं दिसतंय दादा. दोन्ही कडंचं दिसत न्हाय. आन् सकाळी उठलं की डोकं असं ठणकतंय, वाटतंय भिताडावर आपटावं. वस्तादाला सांगू नगंस. पैलवानानं दुखतंय म्हणलं की त्येला तालमीतनं उठवत्यात."

"आन्नाला?" जालिंदरनं बापाबद्दल विचारलं.

"आन्नाला तर मुळीच न्हाय."

कुर्डुवाडीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि डोळ्यांसाठी सोलापूरला जायला सांगितलं. घरी काय सांगायचं? लंगोटाचं कापड आणायला चाललोय, असं सांगून दोघं भाऊ गाडीत बसले. मायाप्पानं वर बजावलं, कापड जाड बघून घ्या, जत्रा तोंडावर आलीया.

भवानी पेठेत एका माडीवर विरुपाक्ष डॉक्टरांचा दवाखाना होता. खालच्या बोळात विणकरांच्या मागांची खडखड चालू होती आणि बाकावर तेलुगू, कानडी, मराठी सगळी माणसं डोळे पुसत बसली होती. डॉक्टर म्हातारपणाकडं झुकलेले, कपाळावर भस्माचे पट्टे. हणमंत दारातनं वाकून आत आला तेव्हा ते हातातलं काम टाकून त्याच्या चेहऱ्याकडंच बघत राहिले. मग त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि स्वतःची बोटं दोन्ही कानांपासून हळूहळू पुढं आणत विचारत गेले, दिसतंय का, आता दिसतंय का. बोटं पार नाकासमोर आली तेव्हा हणमंत म्हणाला, "व्हय, आता."

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढून आणायला लावला. तो उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि हणमंताला बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

"तू थोरला ना? ऐक. टांग्याच्या घोड्याला झापडं बांधतात, तसं झालंय याचं. डोळे चांगले आहेत. डोळ्यांच्या मागं, मेंदूच्या बुडाशी एक एवढीशी ग्रंथी असते. माणसाचं अंग वाढवायचं काम तिचं. तिच्यात गाठ झालीय. म्हणून हा वाढतोय, आणि गाठ डोळ्यांच्या शिरा दाबतेय."

"म्हंजी ही ताकद न्हाय?"

"ताकद?" डॉक्टर कडवट हसले. "रोग आहे बाबा. आतनं पोकळ होत चाललाय तो. मी इतकी वर्षं डोळे तपासतोय, ही असली गाठ दुसऱ्यांदा बघतोय. पहिला माणूस आंधळा होऊन मेला, कारण तेव्हा इकडं कुणी डॉक्टरच नव्हता तिच्यासाठी."

"आता हाय?"

"सोलापुरात नाही. मुंबईला एक आहेत. थांब."

त्यांनी ट्रंक कॉल लावला. लागेपर्यंत बाकीचे रोगी तपासले, मधेच फोन खणखणला की धावत जायचे, ओरडून बोलायचे, लाइन तुटायची, पुन्हा लावायचे. दुपार कलली तेव्हा त्यांना हवा तो माणूस मिळाला. तो महिन्यातनं एकदा पुण्याला येत असे. जत्रेच्या आधीच्या शनिवारी त्याची फेरी होती. विरुपाक्ष डॉक्टरांनी वेळ पक्की केली आणि घाम पुसत खुर्चीत बसले.

"त्या शनिवारी पुण्यात पोचायचं. चुकवू नको. हा शनिवार गेला तर त्यांची पुढची फेरी कधी, मला ठाऊक नाही. आणि आजपासून तालीम बंद. एकही कुस्ती नको. डोक्याला हिसका बसला आणि गाठीत रक्त उतरलं, तर डोळे जातील. जीवही जाईल. कळलं?"

"कळलं," जालिंदर म्हणाला.

कळलं होतंच. जिना उतरताना त्याला जे कळलं ते मात्र डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. इतक्या वर्षांचं दूध, तूप, बदाम, डोक्यावरनं आणलेले भारे, हे सगळं एका गाठीनं खाल्लं होतं. त्याला भावाची कीव आली आणि त्याच वेळी कुणीतरी भर चौकात आपल्याला नागवल्यासारखा संताप आला. हणमंतानं विचारलं, "काय म्हणला रं?" जालिंदर म्हणाला, "पुण्याच्या डाक्टरकडं जायाचं हाय. घरी गेल्याव सांगतो." लंगोटाचं कापड दोघांनी आठवणीनं घेतलं.

घरी पोचले तर ओट्यावर धुळाप्पा वस्ताद आणि मायाप्पा हसत बसलेले. मधे हळदकुंकू लावलेला नारळ होता. अक्कलकोटकडच्या रुद्रप्पा पैलवानाशी हणमंताची जोड ठरली होती, जत्रेतली शेवटची, मोठी कुस्ती. त्या बाजूच्या वस्तादानं नारळ पाठवला होता आणि धुळाप्पानं तो घेतला होता. या मुलखात कुस्तीचा नारळ घेतला म्हणजे लग्नाची सुपारी फुटल्यासारखं असे. पैलवान मेला तरच जोड मोडायची. नाहीतर त्या गावच्या तालमीशी पुढं कुणी जोड लावत नसे आणि लहान पोरंसुद्धा 'नारळचोर' म्हणून हिणवत.

डॉक्टरचं नाव निघालं तसा मायाप्पाचा चेहरा पडला. जालिंदरनं गाठीचं सांगितलं, पुण्याच्या शनिवारचं सांगितलं. कुस्तीच्या मनाईचं सांगायच्या आत धुळाप्पा कडाडला, "डोळ्याच्या डाक्टरला पैलवानाच्या अंगातलं काय कळतंय? शनिवारी पुण्याला गेला आन् त्येनं ठिवून घेतलं म्हंजी? अक्कलकोटवालं म्हणतील, शेलवाडीचा गडी घाबरून दवाखान्यात जाऊन निजला."

"डोळंच जात्याल तर कुस्ती काय करायची, वस्ताद?" हणमंत हळूच म्हणाला.

"तू गप रं!"

मायाप्पानं नारळाकडं बघितलं. मग थोरल्याकडं वळला. त्याच्या आवाजात जरब नव्हती, विनवणी होती. जालिंदरनं ती जन्मात पहिल्यांदा ऐकली.

"जालू, डाक्टर तुझ्यापाशी बोल्लाय. जत्रा झाल्याव गेलं तर चालंल का? चार दिसांचा तर फरक. तू म्हणशीला तसं करू. न्हाय म्हणलास तर मी सोता जाऊन नारळ परत करतो."

सगळे जालिंदरच्या तोंडाकडं बघत होते. या घरात त्याला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. एवढ्यात आतनं मनकर्णा तालमीसाठी भरलेली चरवी घेऊन आली. नागू मागोमाग आली आणि चरवीच्या काठावर आलेला फेस तिनं बोटानं पुसून तोंडात घातला. मायाप्पानं बसल्या जागेवरनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "उष्टं करतीस व्हय, भवाने? पैलवानाचं हाय ते!" पोर रडली नाही. तिला सवय होती. बोट तेवढं तोंडातनं काढलं नाही.

जालिंदरच्या डोक्यात काहीतरी थंडगार झालं. पडू दे एकदा, त्याला वाटलं. सगळ्या गावासमोर, सगळ्या मुलखासमोर पाठ टेकू दे. म्हणजे म्हाताऱ्याची मस्ती उतरेल, तालीम सुटेल आणि चरवी घरात राहील. चार दिवसांनी काय होतंय? डॉक्टर लोक भीती घालतातच.

"चालंल," तो म्हणाला. "घाई न्हाय म्हणला डाक्टर. जत्रा झाल्याव जाऊ."

हणमंतानं सुस्कारा सोडला. त्याचा थोरल्या भावाच्या शब्दावर वडिलांपेक्षा जास्त विश्वास होता.

तो शनिवार आला. जालिंदर दिवसभर उसाला दारं धरत होता. सकाळी पुण्याची गाडी कुर्डुवाडीवरनं सुटायची वेळ झाली तेव्हा त्यानं उगाच एक वाफा फोडला आणि पुन्हा बांधला. वाटलं, अजून पळत जाऊन सांगावं. मग वाटलं, आता सांगितलं तर आधी का सांगितलं नाही असं विचारतील. माणूस खोटं एकदाच बोलतो, पण त्याची राखण रोज करावी लागते.

जत्रेच्या दिवशी मैदानात मुंगीला वाट नव्हती. हलगीवाल्यांचे हात थांबत नव्हते. हणमंत लंगोट कसून मातीत उतरला तेव्हा लोक उभे राहिले. रुद्रप्पा त्याच्या छातीला लागेल एवढाच, पण काळा, चिवट आणि मांजरासारखा हलका. लोक हसले. जालिंदर पुढच्या रांगेत उकिडवा बसला होता.

सलामी झाली. खडाखडी सुरू झाली. हणमंतानं एकदा रुद्रप्पाला मानेवर हात टाकून असं दाबलं की मैदान ओरडलं. रुद्रप्पा सुटला आणि उजवीकडं गेला. हणमंत समोरच बघत राहिला. रुद्रप्पा क्षणभर थबकला, त्याचाच विश्वास बसेना. पुन्हा डावीकडं गेला. पुन्हा तेच. समोरचा डोंगर मान वळवत होता, पण उशिरा. त्यानंतर रुद्रप्पानं वेळ घालवला नाही. कडेनं आत शिरून त्यानं पट काढला, हणमंताचा पाय उचलला आणि तेवढं मोठं अंग मागच्या मागं आपटलं. आधी डोकं आपटलं, मग पाठ.

जालिंदरच्या छातीत एक घोट आनंदाचा उतरला. खरंच उतरला, नाकारण्यात अर्थ नाही. एक घोटच. कारण हणमंत उठलाच नाही. पंचानं हात धरला तर तो मातीत कुशीवर वळून ओकायला लागला. दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं होतं. ऊन चांगलं कडक पडलं होतं आणि तो विचारत होता, "दादा, दिस बुडला काय रं? दादा, कुटं हायस?"

वरातीमागनं घोडं निघालं ते असं. जत्रेला आलेल्या भांडीवाल्याच्या ट्रकमधनं कुर्डुवाडी, तिथनं रेल्वेनं सोलापूर. विरुपाक्ष डॉक्टरांनी मातीनं भरलेला लंगोट बघितला आणि सगळं समजले. त्यांनी जालिंदरला शिवी दिली नाही. "शनिवारी वाट बघत होते ते पुण्यात, माझ्या शब्दावर," एवढंच म्हणाले आणि फोनकडं गेले. मुंबईहून कळलं की ते मोठे डॉक्टर परदेशी गेलेत, पावसाळ्यानंतर येतील. मग डॉक्टरांनी दुसरे फोन लावले, तिसरे लावले, कुणाकुणाच्या नावानं हाका मारल्या. शेवटी म्हणाले, मुंबईच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा, तिथं कुणी ना कुणी मेंदू उघडणारा असेल, त्याला शोधा.

मायाप्पा मागच्या गाडीनं येऊन मिळाला आणि तिघं मुंबईला गेले. शोधा म्हणणं सोपं असतं. त्या दवाखान्यात शेलवाडीसारखी दहा गावं मावली असती. एका खिडकीवरनं दुसऱ्या खिडकीवर, तिथनं तिसऱ्या मजल्यावर. हणमंताचं अंग बघून कुणी त्यांना हाडांच्या डॉक्टरकडं पाठवलं, कुणी डोळ्यांच्या. मेंदूचा साहेब कोण विचारलं की माणसं घाईत बोट दाखवून निघून जायची. हणमंत व्हरांड्यात चटईवर पडून कण्हत असायचा. एक दिवस शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आला. त्यांनी त्याला जीभ बाहेर काढायला लावली, हात उलटेपालटे केले, पायाचं माप घेतलं, उभा करून फोटो काढले. इंग्रजीत बोलत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. मायाप्पा हात जोडून प्रत्येकाला सांगत होता, "साहेब, शेवटच्या कुस्तीचा पैलवान हाय माझा." एक पोरगी तोंडावर हात धरून हसली.

त्या घोळक्याच्या मास्तरनंच अखेर मेंदूच्या सर्जनला आणलं. माणूस तरणा, झोप न झालेल्या डोळ्यांचा. त्यानं त्याच दिवशी ऑपरेशन केलं. जीव वाचला. काही दिवसांनी पट्ट्या सुटल्या. एका डोळ्यापुढं काही नव्हतं, दुसऱ्याला दिवस आणि रात्र एवढा फरक कळत होता.

"आठवडाभर आधी आणला असता तर डोळे वाचले असते," सर्जन म्हणाला. "आधी कुणाला दाखवलं नव्हतं?"

"दावलं हुतं की साहेब," मायाप्पा म्हणाला. "सोलापूरचा डाक्टर म्हणला, घाई न्हाय."

"गाढव आहे तो," सर्जन म्हणाला आणि पुढच्या खाटेकडं गेला.

जालिंदर तिथंच उभा होता. तोंड उघडायला वेळ भरपूर होता. त्यानं खाटेखालचा चंबू उचलला आणि पाणी आणायला गेला.

मायाप्पानं तेवढा एकच धागा धरून ठेवला. मुंबईहून परतताना तो कुर्डुवाडीला उतरलाच नाही. आंधळ्या लेकाला आणि जालिंदरला घेऊन सरळ सोलापूरला गेला, भवानी पेठेतला जिना चढला आणि भरलेल्या दवाखान्यात ओरडायला लागला. "माझ्या लेकाचं डोळं खाल्लंस तू! घाई न्हाय म्हणून सांगितलंस! भस्म लावून बसतोस, तुझं वाटोळं हुईल!"

विरुपाक्ष डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांनी जालिंदरकडं बघितलं.

"मी असं म्हणालो होतो?" त्यांनी विचारलं.

मागांची खडखड ऐकू येत होती. बाकावरची माणसं मान वळवून बघत होती. जालिंदर स्वतःच्या वाहाणांकडं बघत राहिला. डॉक्टर थांबले, पुरेसं थांबले. मग बसले आणि म्हणाले, "चंद्रव्वा, ये. तुझा नंबर." एक म्हातारी काठी टेकत पुढं झाली. मायाप्पा जिना उतरेपर्यंत शिव्या देत होता. हणमंत जालिंदरच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी चाचपत उतरला.

गावात विरुपाक्ष डॉक्टरांचं नाव पार मातीत मिळालं. शेलवाडीचा कुणी त्या जिन्यावर चढेना. धुळाप्पा वस्ताद पहिल्या आठवड्यात एकदा भेटायला आला, नंतर त्याला नवा पट्ठ्या मिळाला. म्हशीचं दूध आता घरातच राहायचं. मनकर्णा नागूला पेला भरून द्यायची, आणि जालिंदर ती पिते त्या वेळेला मुद्दाम गोठ्यात जायचा.

आषाढात पाऊस बरा झाला. जालिंदर बाजरीत कोळपं धरत होता. घरात बसून हणमंताचा जीव आंबायचा, म्हणून तो त्याला सोबत आणून बांधावर बसवायचा. त्या दिवशी बैल ओळीच्या टोकाला येऊन वळले आणि हणमंत म्हणाला,

"दादा, त्यो डाक्टर तसं म्हणला न्हवता. व्हय न्हवं?"

जालिंदरनं बैल थांबवले.

"न्हाय," तो म्हणाला.

"मग काय म्हणला हुता?"

"म्हणला, शनिवार चुकवू नगा. एक बी कुस्ती नगं. डोळं जातील म्हणला."

"येवढं सांगितलं हुतं?"

"व्हय."

हणमंत गवताची काडी दातांच्या फटीत फिरवत राहिला. बैलांनी शेपट्या हलवल्या. जालिंदरला वाटलं, आता हा उठेल, त्या परातीएवढ्या हातांनी माझी मान धरेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"का केलंस रं?"

जालिंदरनं पुष्कळ कारणं करून ठेवली होती. नारळाचं, म्हाताऱ्याचं, नागूचं, दुधाचं. ती त्यानं बाजूला ठेवली.

"मला वाटलं, तू एकदा पडावास," तो म्हणाला. "समद्यांम्होरं."

हणमंतानं मान डोलावली, एखाद्याला वाट सांगितल्यावर तो डोलावतो तशी.

"मग बघितलंस का?"

"व्हय."

"मला न्हाय दिसलं," हणमंत म्हणाला. "रुद्रप्पा कुणीकडनं आला, काय धरलं, पाठ टेकली का नुसतंच डोकं आपटलं, मला काय बी ठावं न्हाय. आन्नाला इचारलं तर रडतोय. वस्ताद तर फिरकत न्हाय. माझी शेवटची कुस्ती, आन् मलाच म्हाईत न्हाय." त्यानं शेजारची जागा हातानं चाचपली. "बस हितं. तू बघायलाच आला हुतास न्हवं? मग सांग."

जालिंदर त्याच्याजवळ बांधावर बसला. त्याच्या हाताला माती लागली होती, ती त्यानं धोतराला पुसली आणि पुन्हा पुसली.

"सलामी झाली," तो म्हणाला. "तू म्होरं गेलास..."

"सावकास," हणमंत म्हणाला. "काय गाळू नगंस."